‘ताई, अकरा मारून घेऊ का?’

प्रश्न : ताई, निपाणीत हायस्कूलला भूगोल शिकवत होतो, आता निवृत्त आहे. २००८ पासून कॉम्प्युटरवर विमान उडवतो. आधी एफएसएक्स, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा जुना फ्लाइट सिम्युलेटर, आणि अजूनही जास्त वेळ तेच. मध्यंतरी नातवानं पुण्याहून येऊन मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० घालून दिला, तेव्हा आमच्या घराचं छप्पर जन्मात पहिल्यांदा वरून बघितलं. रोज संध्याकाळी कोल्हापूरहून सेसना १७२ हे छोटं विमान घेऊन निघतो. हायवे धरून निपाणी, संकेश्वर, मग डाव्या हाताला हिडकलचं पाणी, आणि सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, उतरतो. मशीन असं : आय-फाइव्ह ७४००, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १०६० सहा जीबीचं कार्ड, एक टीबीची साधी हार्ड डिस्क, विंडोज १०. हल्ली पडद्यावर सारखं येतं की विंडोज १० ची मुदत संपली. अकरावर जाऊ म्हटलं, तर तपासणीत मशीन बसत नाही म्हणून सांगतं. इथला कॉम्प्युटरवाला म्हणतो, ‘सर, काळजी कशाला, तपासणी चुकवून अकरा मारून देतो, विमानपण जोरात पळेल.’ पेन्शन, बँक, विजेचं बिल सगळं याच मशीनवर चालतं. काय करू?
— एक निवृत्त शिक्षक, निपाणी

उत्तर : सर, अकरा मारून घेऊ नका. या मशीनवर तरी नको.

तुमचं पत्र मी दुकानात मोठ्यानं वाचलं. ‘डाव्या हाताला हिडकलचं पाणी’ ऐकून आमचा पोरगा सोल्डरिंग सोडून बघायला लागला. बाहेर बघत उडणारी माणसं कमी असतात, बाकीचे काट्यांकडं डोळे लावून बसतात. माझं माहेर सांबऱ्याचं. धावपट्टीच्या कुंपणाला लागून आमची भुईमुगाची पट्टी होती. विमान आलं की आई खुरपं टाकून कानावर हात ठेवायची आणि आम्ही पोरं बांधावरून पळत सुटायचो. त्यामुळं सांबऱ्याला उतरणाऱ्या माणसाला उत्तर जरा लांबलचक देणार आहे. चहा घेऊन बसा.

आधी ते ‘जोरात पळेल’ बघू, कारण यात माणसं सगळ्यात जास्त फसतात. एफएसएक्स २००६ सालचा आहे. त्या काळी प्रोसेसरला एक-दोन कोअर, म्हणजे काम करणारी डोकी, असायचे, म्हणून त्याचं बहुतेक काम अजूनही एकाच कोअरवर चालतं. शिवाय तो ३२ बिटचा. चार जीबीच्या वर मेमरी त्याला वापरताच येत नाही. तुमची १६ जीबी त्याच्यासाठी म्हणजे पाच माणसांच्या घरात लग्नाचं पातेलं. खाली विंडोज दहा असो की अकरा, यात काडीचा फरक पडत नाही. २०२० चा सिम्युलेटर ६४ बिटचा आहे, रॅम भरपूर खातो, पण त्याचंही एक मुख्य काम एकाच धाग्यावर, म्हणजे कामांच्या एकाच रांगेत, अडकतं. खात्री करून घ्यायची असेल तर त्याच्या सेटिंगमधला डेव्हलपर मोड चालू करा आणि वरच्या मेनूतून एफपीएसची, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याची, चौकट उघडा. कोल्हापूर सोडताना तिथं बहुतेक वेळा ‘लिमिटेड बाय मेनथ्रेड’ असं दिसेल. म्हणजे खोळंबा प्रोसेसरपाशी आहे. ७४०० ला चार कोअर आणि चारच धागे, २०१७ ची पिढी. विंडोज बदलून प्रोसेसर तरुण होत नाही.

उलट अकरात ‘मेमरी इंटिग्रिटी’ नावाची एक राखण असते. ती सुरक्षेसाठी चांगलीच, पण गेमचा वेग थोडा खाते. खेळणाऱ्यांनी हवं तर ती बंद करावी, नंतर परत चालू करावी, असं खुद्द मायक्रोसॉफ्टनं २०२२ मध्ये सांगितलं होतं. अकराचा खरा फायदा होतो तो इंटेलच्या १२ व्या पिढीपासूनच्या ज्या प्रोसेसरांत दोन जातींचे कोअर असतात, काही दमदार आणि काही काटकसरी, त्यांना. कुठलं काम कुणाकडं द्यायचं हे अकराला नीट समजतं. तुमच्याकडं चौघेही एकाच जातीचे, वाटणीचा प्रश्नच नाही.

आता मशीन का बसत नाही ते. लोकांना वाटतं टीपीएम नावाची सुरक्षेची चिप नाही म्हणून. तसं नसावं. तुमच्या पिढीच्या बऱ्याच मदरबोर्डांत बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, ‘पीटीटी’ नावानं ती बसलेली असते, चालू केली की झालं. अडतंय ते प्रोसेसरच्या यादीत. अकराला इंटेलची आठवी पिढी आणि पुढची लागते. तुमची सातवी. एका वर्गानं नापास झालात, सर, आणि फेरपरीक्षा नाही. इथं अजून एक खड्डा आहे. ‘मग आठव्या पिढीचा प्रोसेसर टाकू’ म्हणून कुणी सुचवलं तर ऐकू नका. खाच तीच, ११५१, प्रोसेसर गुपचूप बसतोसुद्धा, पण त्याला ३०० मालिकेचा बोर्ड लागतो. तुमच्या बोर्डावर पडदा काळाच राहील. खानापूरचा एक जण असाच आठव्या पिढीचा सेकंडहँड ८४०० घेऊन माझ्याकडं आला होता. दोन तास बसला, चहा दोनदा झाला, आणि प्रोसेसर खिशात घालून परत गेला.

तपासणी चुकवून अकरा बसतं, ते खोटं नाही. चालतंही. पण अशा मशीनला अपडेट मिळत राहतील याची हमी देत नाही, असं मायक्रोसॉफ्टनं स्वच्छ लिहून ठेवलंय. वर्षाकाठी येणारी मोठी आवृत्ती तर आपोआप येतच नाही, दर वेळी परत तीच कसरत. दर वर्षी कॉम्प्युटरवाल्याच्या दारात जायचं असेल तर त्याचं बरं आहे, तुमचं नाही. आणि गंमत बघा, ज्या सुरक्षेसाठी पुढं जायचं, तिचीच हमी सोडून पुढं जायचं.

म्हणजे दहावरच राहायचं. मग १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं ते काय? मशीन संपलं नाही. त्या तारखेनंतर विंडोजमध्ये जी भोकं सापडतील ती फुकट बुजवून देणं संपलं. घरगुती मशीनसाठी मात्र एक वर्षाची जादा मुदत आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. सेटिंग्जमध्ये ‘अपडेट अँड सिक्युरिटी’, त्यात ‘विंडोज अपडेट’. उजवीकडं किंवा खाली ‘एनरोल नाऊ’ असं दिसेल. विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती हवी आणि मायक्रोसॉफ्टचं खातं हवं. खात्याशी सेटिंग्ज जोडून ठेवली तर पैसे पडत नाहीत. नको असेल तर मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे १००० पॉइंट किंवा ३० डॉलर. एकाच खात्यावर दहा मशीनपर्यंत चालतं, तेव्हा घरात विंडोज १० चं दुसरं मशीन असेल तर तेही जोडून टाका. हे आजच करा. माझं बाकीचं म्हणणं पटो न पटो, हे मात्र करा.

आणि आता, सर, खरं दुखणं. तुम्ही प्रश्न विंडोजचा विचारलात, पण पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य पेन्शनचं आहे. उडायचं मशीन आणि पैशाचं मशीन एकच आहे, तिथं गाठ बसलीय.

एफएसएक्स एकदा बसला की त्याला इंटरनेट लागत नाही. वायर काढून टाका, तो २०३५ मध्येही कोल्हापूरहून उडेल. २०२० चं तसं नाही. तुमच्या घराचं छप्पर मायक्रोसॉफ्टच्या बिंग नकाशावरच्या फोटोतून येतं, उडता उडता खेचलं जातं. वायर काढली तर विमान उडेल, पण निपाणीच्या जागी नुसती ठोकळ्यांची गावं दिसतील. म्हणजे छपरासाठी मशीन जगाला उघडं ठेवायचं, त्यावर कुठून कुठून उतरवलेली फुकटची विमानं आणि विमानतळं घालायची, आणि त्याच्यावरच बँकेचा पासवर्ड मारायचा. मला झोप लागणार नाही. फुकटचं विमान बहुतेकदा विमानच असतं, पण कोण उघडून बघतो?

तेव्हा पेन्शनचं काम त्या मशीनवरून उठवा. बँकेचं ॲप मोबाइलवर, नाहीतर नातवाकडून अकरा चालणारा जुना लॅपटॉप. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड काढून टाका, ई-मेलमधून बाहेर पडा. मग उरतं ते खेळाचं मशीन. त्याला काही झालंच, तर फार तर एक संध्याकाळ जाईल, महिन्याचा पगार नाही. माझं स्वतःचं असंच आहे. दुकानाच्या मागच्या खोलीतल्या मशीनवर ना बँक, ना मेल. त्याच्याही शेजारी एक आणखी म्हातारं विंडोज ७ चं मशीन ठेवलंय, फक्त २००४ च्या फ्लाइट सिम्युलेटरसाठी. त्या डिस्कला नक्कल रोखणारं सेफडिस्कचं कुलूप असायचं आणि ते उघडण्याची किल्लीच विंडोज १० नं काढून टाकली. म्हणून ते ७ वरच, आणि त्याला इंटरनेटची वायर नाही. नवरा म्हणतो, हे म्हणजे गोठ्यात भाकड म्हैस पाळणं आहे. पाळते.

कारण सांगू? जुन्या सिम्युलेटरमधला सांबरा हा माझ्या बांधावरचा सांबरा आहे. धावपट्टी आखूड. २०१७ मध्ये ती वाढवून २३०० मीटरची झाली, जुन्यात ती वाढ नाही. शोधायलाही विमानतळाची चार अक्षरी खूण ‘व्हीएबीएम’ टाकावी लागते. नव्यात तोच विमानतळ ‘व्हीओबीएम’ आहे. व्हीए म्हणजे मुंबईकडची मालिका, व्हीओ म्हणजे दक्षिणेची. हुबळी आणि गोव्याचंही तसंच झालं. आपण सीमेवरून १९५६ पासून भांडतोय, आणि विमानतळाची दोन अक्षरं एकही मोर्चा न निघता तिकडं गेली. तुमच्या एफएसएक्समध्ये ती अजून मुंबईकडं आहेत, जपून ठेवा. आणि हेही तुमच्या प्रश्नाचंच उत्तर आहे. ज्याला २००६ चं जग उडवायचंय त्यानं त्या जगाला मानवणारं विंडोज धरून बसावं, त्यात कमीपणा काही नाही.

पैसे घालायची हौस असेल तर एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, घाला. साध्या हार्ड डिस्कवर २०२० चालवताय म्हणजे सुरू व्हायला लागेपर्यंत तुमची देवपूजा उरकत असेल. त्याला १५० जीबी जागा लागते, तेव्हा ५०० जीबीची घ्या, विंडोजसकट जुन्या डिस्कची नक्कल करून मागा. फ्रेम वाढणार नाहीत, पण सुरू होणं आणि मधले गचके यांत फरक पडेल. कार्डासाठी नवे ड्रायव्हर शोधत बसू नका. १०६० च्या पिढीला एनव्हिडियानं नव्या गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासून बंद केलेत, सुरक्षेपुरते ऑक्टोबर २०२८ पर्यंत येतील. तुमचे दोन्ही सिम्युलेटर जुने, त्यांना जे आहे ते पुरतं.

पुढं कधी २०२४ चा सिम्युलेटर घ्यावासा वाटला, तर बोर्ड आणि प्रोसेसर बदलणं आलंच. त्या वेळी डीडीआर-४ रॅम चालणारा बोर्ड आणि आय-फाइव्ह १२४०० सारखा प्रोसेसर मागा. म्हणजे तुमची १६ जीबी वाया जायची नाही. सध्या रॅमचे भाव असे चढलेत की विचारायचीही भीती वाटते. त्यावर अकरा कोरं मारा, जुन्याच्या अंगावर चढवू नका. आणि मशीनबरोबर आलेलं विंडोजचं लायसन बोर्डाला बांधलेलं असतं, नव्या बोर्डावर ते जाईलच असं नाही, तेवढं आधी विचारून घ्या. जुनी डिस्क एफएसएक्ससकट ड्रॉवरमध्ये.

ज्यांचं मशीन अकराला बसतं आणि जे दहावरून त्याच्यावर चढवणार आहेत, त्यांच्यासाठी माझी फजिती सांगते. जुलैत, पाऊस धो धो, दुकान बंद करून मी मागच्या मशीनवर अकरा चढवायला घेतलं. सत्तर-बहात्तर टक्क्यांवर लाइट गेली. यूपीएस होता की, पण त्याची बॅटरी मेलीय हे मला महिनाभर ठाऊक होतं. दुसऱ्यांचे यूपीएस दुरुस्त करणारी मी! लाइट आल्यावर मशीन तासभर घुटमळलं आणि आपलं आपण दहावर परत आलं, एवढं नशीब. पण तो तासभर मी आठवत बसले की कशाकशाची नक्कल घेतलेली नाही. एफएसएक्सची सेटिंग ज्या फाइलीत असते ती, दहा वर्षांत एकेक करून लावलेली बटणं, आणि २०२० चं ‘कम्युनिटी’ फोल्डर, ज्यात बाहेरून उतरवलेली विमानं बसतात. तेव्हा हे तीन आधी पेनड्राइव्हवर घ्या. ‘कम्युनिटी’चं नाव तात्पुरतं बदलून ठेवा आणि चढवल्यावर आधी त्याच्याशिवाय उडवून बघा. गडबड झाली तर ती विंडोजची की कुणाच्या फुकटच्या विमानाची, हे लगेच कळतं. मन बदललं तर दहा दिवसांच्या आत दहावर परत जायची सोय असते. मधल्या काळात जागा मोकळी करायच्या नादात ‘विंडोज डॉट ओल्ड’ पुसू नका, परतीची वाट तिथंच असते.

प्रश्न : मॅडम, मी खानापूर तालुक्यातून डिग्रीला जातो. लॅपटॉप आय-थ्री ११ व्या पिढीचा, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, विंडोज ११ आधीच आहे. इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. त्यावर सिम्युलेटर २०२४ चालेल का? मित्र म्हणतात अकरा आहे म्हणजे चालायलाच हवं.
— एक विद्यार्थी, खानापूर

उत्तर : नाही चालणार, बाळा. अकरा आहे म्हणजे फक्त दार उघडं आहे, घरात बसायला जागा नाही. २०२४ ला किमान १६ जीबी रॅम आणि स्वतःची चार जीबी मेमरी असलेलं कार्ड लागतं. शिवाय तो डिस्कवर ५० जीबीच घेतो, बाकीचं जग उडताना इंटरनेटवरून ओढतो. पावसाळ्यात तुमच्याकडं टॉवरची जी तऱ्हा असते, त्यात भीमगडचं जंगल यायच्या आत विमान गोव्याला पोचेल. फ्लाइटगिअर नावाचा सिम्युलेटर उतरवून घे. फुकट आहे, खुला आहे, अकरावर चालतो आणि लिनक्सवरही. आपल्या भागाचा भूभाग कॉलेजच्या वायफायवर एकदा उतरवून ठेव, मग घरी इंटरनेटशिवाय उड. दिसायला सुंदर नाही, पण वाऱ्यात विमान सरळ ठेवायला शिकायचं तर त्याच्याइतकं स्वस्त मास्तर नाही. पैसे साठले की आधी रॅमची दुसरी खाच रिकामी आहे का ते बघ.

प्रश्न : ताई, दहावरून अकरावर आलो, एक्स-प्लेन १२ हा सिम्युलेटर उडवतो. फ्रेम आहेत तेवढ्याच आहेत, पण आता जॉयस्टिक मधेच ‘टुंग’ करून जाते आणि परत येते. उतरताना गेली की संपलं. परत दहावर जाऊ का? महिना झाला.
— एक वाचक, चिकोडी

उत्तर : महिना झाला म्हणजे परतीची दहा दिवसांची गाडी गेली, दादा. पण जायची गरजही नाही. मोठं अपडेट झालं की वीज वाचवायच्या काही सेटिंग्ज कधीकधी मूळपदावर जातात आणि यूएसबीला झोप लागते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘यूएसबी रूट हब’ जेवढे दिसतील तेवढ्या प्रत्येकाचं ‘पॉवर मॅनेजमेंट’ उघडा आणि वीज वाचवायला हे बंद करू द्यावं या अर्थाच्या ओळीपुढची खूण काढा. मग पॉवर प्लॅनच्या जादा सेटिंगमध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा. जॉयस्टिक पुढच्या पोर्टात किंवा हबमध्ये असेल तर मागच्या, थेट बोर्डाच्या पोर्टात लावा. नंतर एक्स-प्लेनमध्ये जॉयस्टिक पुन्हा कॅलिब्रेट करा, आणि थ्रॉटल दोन ठिकाणी जोडला गेलाय का तेही बघा.

एवढं करूनही टुंग झालंच तर केबल जिथं जॉयस्टिकमध्ये शिरते तिथं हलवून बघा. तिथं हलवल्यावर जात असेल तर दोष तारेचा, विंडोजचा नाही, आणि तुमच्या गावातला रेडिओ दुरुस्त करणाराही ते जोडून देईल. माझ्याकडं आणायचीच असेल तर एसटीच्या फळीवर ठेवू नका, मांडीवर धरून बसा. फळीवरून आलेल्या दोन जॉयस्टिकच्या दांड्या वेगळ्या पिशवीत आल्या होत्या.